वर्गणी तालुक्याची, मत कुणाचे?

आज १५ जानेवारी २०२६. कराडजवळच्या गोळेश्वरात १९२६ साली याच दिवशी खाशाबा जाधव जन्मले. आज त्यांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. राज्य क्रीडा दिन म्हणून शाळाशाळांतून त्यांच्या प्रतिमेला हार घातले जातील आणि हेलसिंकीची गोष्ट सांगितली जाईल. ती सांगायलाच हवी. २३ जुलै १९५२ रोजी फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली होती आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते.

आपण ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगतो. तिच्यात एक हिशेबही आहे, आणि शताब्दीच्या दिवशी तो मांडला नाही तर खाशाबांचे नाव घेण्यात अर्थ उरत नाही. खर्च गावाने केला, मास्तरांनी केला, स्नेह्यांनी केला. संघात घ्यायचे की नाही हे ठरवणारे मात्र दुसरेच होते, आणि निवडीसाठी खाशाबांना वरपर्यंत दाद मागावी लागली. पैसा खालून, निर्णय वरून. आज आमच्या चांदवड तालुक्यातल्या एखाद्या कबड्डी मंडळाची वही उघडून पाहिली तर तीच रचना दिसते. फरक एवढाच की तेव्हा वर्गणी एका मल्लाच्या तिकिटासाठी होती, आता ती दरवर्षी शुल्क म्हणून भरावी लागते आणि तिच्यातून तिकीटही निघत नाही.

चांदवडला खेळाचे कौतुक कमी नाही. पावसाळ्यानंतर काही महिन्यांतच टँकरची वाट पाहणाऱ्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळने २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी रोईंगमध्ये तेरावा क्रमांक मिळवला आणि २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत सुवर्णपदक जिंकले. वडाळीभोईच्या संजीवनी जाधवने २०१७ मध्ये भुवनेश्वरला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पाच हजार मीटरचे कांस्य आणले आणि त्याच वर्षी तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत दहा हजार मीटरचे रौप्य. एका तालुक्याने इतके दिल्यावर तिथे क्लबांची रेलचेल असेल असे बाहेरच्या माणसाला वाटेल. तसे नाही.

दत्तूचेच पाहा. तो नौकेत बसला तो लष्करात गेल्यावर. खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये भरती झाला, पुण्याच्या आर्मी रोईंग नोडमध्ये शिकला. नौका, वल्ही, प्रशिक्षक, खुराक, महासंघाची नोंदणी, राष्ट्रीय स्पर्धेचा प्रवास, हे सगळे सेनादलाने केले. राष्ट्रीय महासंघांच्या सदस्यांत राज्यांच्या बरोबरीने सेनादल असते, रेल्वे असते. त्यांच्याकडे अंदाजपत्रक असते, कारकून असतो, शुल्काची तारीख लक्षात ठेवणारा माणूस असतो. तळेगाव रोहीच्या पोराला तालुक्याच्या एखाद्या क्लबातून या खेळापर्यंत जाता आले असते का, या प्रश्नाचे उत्तर सरळ ‘नाही’ असे आहे. नौका महाग म्हणून ते समजण्यासारखे आहे. पण धावायला तर नौका लागत नाही. कबड्डीला मैदान आखायला चुना पुरतो. खो-खोला दोन खांब लागतात. या खेळांतही मुले मधेच गळतात, तेव्हा कारण साहित्यापेक्षा दुसरीकडे शोधावे लागते.

रचना कशी आहे ती आधी पाहू, कारण बहुतेक पालकांना ती मुलाची निवड झाल्यावरच कळते. सर्वांत वर राष्ट्रीय महासंघ. त्याला संलग्न राज्य संघटना, तिला संलग्न जिल्हा संघटना, तिला संलग्न क्लब किंवा मंडळ. प्रत्येक पायरीवर संलग्नता शुल्क आहे, आणि वरच्याने वाढवले की ते सरकत सरकत खाली येते. महासंघ राज्याकडून घेतो, राज्य जिल्ह्याकडून, जिल्हा क्लबाकडून. क्लबाच्या खाली कोणतीही संघटना नाही. तिथे मुलाचा बाप आहे, किंवा शाळेचे क्रीडाशिक्षक आहेत. याशिवाय खेळाडूची वैयक्तिक नोंदणी, ओळखपत्र, जिल्हा निवड चाचणीची प्रवेशिका, राज्य स्पर्धेची प्रवेशिका, मुदत चुकली तर विलंब शुल्क, क्लब बदलायचा तर ना-हरकत दाखल्याचे पैसे. पंचपरीक्षेला बसायचे किंवा प्रशिक्षकाचा परवाना काढायचा तर त्याचे वेगळे. प्रत्येक खेळात हे सगळेच असते असे नाही. पण यांपैकी काहीच नाही असा संघटित खेळही नाही.

एकेक रक्कम पाहिली तर ती छोटी वाटते आणि महासंघाचे पदाधिकारी नेमके हेच सांगतात: वर्षाला एवढेसे तर द्यायचे! ती एकत्र करून पाहू. समजा, नोंदणीपासून राज्य स्पर्धेच्या प्रवेशिकेपर्यंत एका मुलामागे वर्षाला हजार रुपये पडले. मंडळात वीस मुले, म्हणजे वीस हजार. शहरातला क्लब महिन्याला सभासद फी घेतो, त्याच्या हिशेबात हा आकडा बुडून जातो. चांदवड, देवळा, येवला, नांदगाव या पट्ट्यातले मंडळ सभासद फी घेत नाही, कारण घेतली तर मुले यायची बंद होतात. ते चालते क्रीडाशिक्षकांच्या पगारातून, एखाद्या कांदा व्यापाऱ्याच्या देणगीतून, गणेशोत्सवात उरलेल्या पैशातून. मंडळ नोंदलेले असेल तर धर्मादाय कार्यालयात हिशेब आणि बदल अर्ज यांचा खर्च आणखी. कांद्याचा भाव पडला की शेतकऱ्याच्या घरात जे खर्च आधी थांबतात त्यांत मुलाचा खेळ वरच्या क्रमांकावर असतो. महासंघाच्या मुदतीला मात्र कांद्याचा भाव ठाऊक नसतो.

मग प्रत्यक्षात काय होते? विसांपैकी चारच नोंदवले जातात, जे जिंकण्याची खात्री आहे ते. उरलेले सोळा मैदानावर येतात, घाम गाळतात, पण संघटनेच्या लेखी ते अस्तित्वात नसतात. बारा-तेराव्या वर्षी कोण पुढे जाईल हे कोणाला कळते? कविता राऊत हरसूलजवळच्या सावरपाड्याची. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्य जिंकणारी ती मुलगी लहानपणी कोणा क्रीडाशिक्षकाच्या हिशेबात पहिल्या चारांत बसली नसती, तर? शुल्कामुळे निवड मैदानाआधी होते, आणि ती खिशाकडे पाहून होते. आमची मुख्य तक्रार हीच आहे.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे आणि ती क्रीडाक्षेत्रात सगळ्यांना माहीत असूनही व्यासपीठावर बोलली जात नाही. संलग्नतेचे शुल्क भरलेल्या क्लबाला जिल्ह्याच्या सभेत मत मिळते. जिल्ह्याची मते राज्याचा अध्यक्ष ठरवतात, राज्यांची मते महासंघाचा. त्यामुळे निवडणूक आली की कागदावरचे क्लब उगवतात. त्यांना मैदान नसते, मुले नसतात, पण शुल्काची पावती असते, कारण ती दुसऱ्याच कोणीतरी भरलेली असते. इकडे वीस मुले रोज खेळवणारे खरे मंडळ पावती थकली म्हणून यादीतून बाहेर पडते. शुल्क वाढवले की बोगस क्लबांना आळा बसेल, असा युक्तिवाद वरून केला जातो. अनुभव उलटा आहे. बोगस क्लबाला शुल्क जड जात नाही, त्याचा तो एकमेव खर्च असतो. जड जाते खेळवणाऱ्याला, कारण त्याला चेंडूही घ्यायचा असतो. अशा रीतीने शुल्काची चाळण दाणे खाली टाकते आणि फोलपट ठेवते, आणि त्या फोलपटांच्या मतांवर पुढच्या वर्षीचे शुल्क ठरते.

कुस्तीत तर पैसे कोणाकडे भरायचे हाच प्रश्न उभा राहिला. २०२२ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाने महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद बरखास्त केली, वाद न्यायालयात गेला आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ‘महाराष्ट्र केसरी’च्या दोन वेगवेगळ्या स्पर्धा झाल्या, एक पुण्याजवळ फुलगावला आणि एक धाराशिवला. दरम्यान राष्ट्रीय महासंघही जागतिक संघटनेच्या आणि क्रीडा मंत्रालयाच्या निलंबनातून गेला. २०२० ची ‘महाराष्ट्र केसरी’ची गदा नाशिककडून खेळणाऱ्या हर्षवर्धन सदगीरने आणली होती, म्हणून आमच्याकडे तालमींत तेव्हा मोठा उत्साह होता. दोन परिषदा, दोन पावत्या आणि कोणत्या पावतीवरचे प्रमाणपत्र उद्या चालेल याची खात्री नाही, अशा अवस्थेत त्या तालमींनी काय करायचे होते? वरच्यांच्या भांडणाचा भुर्दंड लाल मातीत उतरणाऱ्या पोरांनी भरला. याचा जाब कोणी दिलेला नाही.

प्रमाणपत्राचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलू. महासंघाचे शुल्क मुकाट्याने भरले जाते त्याचे खरे कारण ते प्रमाणपत्र आहे. राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला क्रीडागुण आहेत. त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेतली कामगिरी लागते. म्हणजे पोलीस भरतीकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्याच्या मुलासाठी तो कागद नोकरीची किल्ली आहे, आणि किल्ली बनवणारे दुकान राज्यात एकच आहे. एका खेळाला एकच महासंघ हा जगभरचा नियम आहे आणि तो खेळासाठी गरजेचाही आहे. पण जिथे दुकान एकच असते तिथे भाव ठरवणाऱ्यावर कोणाची तरी नजर असावी लागते. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे या राज्याने पाहिली आहेत. कागदाला एवढी किंमत आल्यावर तो विकणारे निर्माण होतातच.

ही नजर ठेवता येते याचे उदाहरण बुद्धिबळात आहे. २०१८ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाला ६ लाख ९२ हजार रुपयांचा दंड केला. महासंघाची मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळणार नाही, असे खेळाडूंकडून लिहून घेणे हा मक्तेदारीचा गैरवापर आहे, असे आयोगाने म्हटले. क्रिकेट नियामक मंडळालाही आयोगाने अशाच मुद्द्यावर ५२ कोटी २४ लाखांचा दंड ठोठावला होता. बुद्धिबळाचे आम्हा नाशिककरांना अप्रूप आहे. विदित गुजराथी आमचा, २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमधल्या सुवर्णविजेत्या संघातला. पण मानांकनाची स्पर्धा भरवायची तर आयोजकाला जागतिक संघटनेपर्यंत शुल्क पोचवावे लागते, आणि आयोजक ते प्रवेश फीत घालतो. तालुक्याच्या गावी अशा स्पर्धा फारशा होत नाहीत त्याचे हेही एक कारण आहे.

महासंघांची बाजू आम्हाला मान्य आहे, निदान तिचा बराच भाग. पंचांना मानधन द्यावे लागते. शर्यतीची अचूक वेळ नोंदवणारी यंत्रणा, वैद्यकीय पथक, वय पडताळणी, खेळाडूंचा विमा यांना पैसे लागतात. सरकारी अनुदान बहुतांशी राष्ट्रीय संघाची शिबिरे, परदेश दौरे आणि राष्ट्रीय स्पर्धांसाठी असते, कचेरीचे वीजबिल त्यातून भरता येत नाही. क्रिकेटसारखा प्रसारणाचा पैसा सगळ्यांकडे नाही. शुल्क अजिबात नको असे म्हणणाऱ्या माणसाने कधी जिल्हा स्पर्धा भरवलेली नसते. आमचे म्हणणे शुल्क कोणी, किती आणि कशाच्या बदल्यात भरावे यापुरते आहे.

आमच्याकडे यात्रेला कुस्त्यांचा हगामा होतो तेव्हा त्याचीही वर्गणी निघते. घरटी काढतात, दुकानदार देतात, नोकरीनिमित्त मुंबई-पुण्याला गेलेले पाठवतात. कोणी किती दिले हे भोंग्यावरून पुकारले जाते आणि प्रत्येक जोडीचे इनामही तिथेच, सगळ्यांसमोर, मल्लाच्या हातात पडते. पंच कमिटीने चुकीची जोड लावली तर आखाड्याभोवतीचे गाव गप्प बसत नाही. निरक्षर म्हातारीलाही आपले शंभर रुपये कुठे गेले ते दिसते. कोट्यवधींच्या उलाढालीच्या महासंघांना आमच्या यात्रा कमिटीएवढा उघडा व्यवहार जमू नये, याचे वाईट वाटते.

जर्मनीत ८६ हजारांच्या आसपास क्रीडा क्लब आहेत. तिथेही सभासद वर्गणी भरतात आणि तिच्यातला वाटा वर जातो. पण तिथे क्लब हाच पाया धरलेला आहे. सभासद क्लब चालवतात, क्लब प्रतिनिधी पाठवतात, आणि गावची नगरपालिका मैदान, सभागृह स्वस्तात किंवा मोफत देते. आपल्याकडे तालुका क्रीडा संकुले मंजूर होतात, काही बांधून होतात, पण तिथे मंडळाला रोजच्या सरावासाठी हक्काची वेळ मिळणे ही पुन्हा विनंती-अर्जांची गोष्ट असते. घेणे ठरलेले, देणे ऐच्छिक.

आता संधी आहे म्हणून हे आजच लिहितो आहोत. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला, १८ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. कार्यकारिणीत जास्तीत जास्त पंधरा जण, त्यांत किमान चार महिला आणि किमान दोन नामवंत खेळाडू, खेळाडूंची समिती, वादांसाठी राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरण, अशा तरतुदी त्यात आहेत. महासंघांना मान्यता देणारे राष्ट्रीय क्रीडा मंडळ त्यांच्या संलग्न संस्थांचीही नोंद ठेवणार आहे. आम्हाला यातली शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या नोंदीत संस्थेचे नाव, पत्ता आणि पदाधिकारी एवढेच असेल तर कागदी क्लबांना सरकारी शिक्का मिळेल. तिथे प्रत्येक पायरीचे शुल्क, वर्षभरात खालून किती गोळा झाले आणि खाली किती परत गेले, आणि गेल्या दोन वर्षांत त्या क्लबाची किती मुले प्रत्यक्ष स्पर्धेत उतरली, हे लिहिलेले असले पाहिजे. मताचा अधिकार पावतीवर न ठरता उतरलेल्या मुलांवर ठरला पाहिजे. हे झाले तर उरलेल्या अर्ध्या गोष्टी आपोआप सुधारतील असे आम्हाला मनापासून वाटते.

शुल्काचा ढाचाही बदलता येण्यासारखा आहे. खेळाडूने वर्षातून एकदाच, एकाच ठिकाणी भरावे आणि वरच्या संघटनांनी आपसात वाटून घ्यावे. आज प्रत्येक दारी तोच मुलगा, तोच जन्मदाखला आणि तोच फोटो घेऊन उभा असतो. चौदा वर्षांखालच्यांना नोंदणी मोफत असावी. त्या वयात महासंघाला मुलाची गरज जास्त असते, मुलाला महासंघाची कमी. दुष्काळ जाहीर झाला की राज्य शासन परीक्षा शुल्क माफ करते, शेतसाऱ्यात सूट देते. मग त्या तालुक्याचे क्रीडा शुल्क त्या वर्षी का माफ होऊ नये? राज्य संघटनांना अनुदान देताना शासन ही अट घालू शकते. आणि गोळा झालेल्या रकमेचा ठरावीक हिस्सा ज्या तालुक्यातून ती आली तिथे मॅट, स्टार्टिंग ब्लॉक, पंचांचे प्रशिक्षण यांच्या रूपाने परत यावा.

रेल्वेचा मुद्दा वेगळा आहे, पण त्याचाही भार याच वहीत पडतो. मनमाड आमच्या उशाला आहे, देशात कुठेही जायची गाडी तिथे मिळते. स्पर्धेला जाणाऱ्या खेळाडूंना भाड्यात सवलत असायची. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या तोंडावर बहुतेक सवलती थांबल्या त्यांत तीही गेली. संघ निवडला गेला आणि भाड्याअभावी दोन मुले घरी राहिली, असे सांगणारे शिक्षक या भागात शोधावे लागत नाहीत. खासदारांनी खेळाडूंची सवलत परत आणण्याचा विषय लावून धरावा. ऑलिंपिक यजमानपदाची स्वप्ने पाहणाऱ्या देशाला स्लीपरच्या डब्यातली ही सूट परवडते.

एप्रिलपासून नव्या वर्षाच्या नोंदण्या आणि वार्षिक सभांचे दिवस सुरू होतील. त्याआधी नाशिक जिल्ह्यातल्या प्रत्येक क्रीडा संघटनेला आमची विनंती आहे. आपण क्लबाकडून आणि खेळाडूकडून कोणकोणते शुल्क घेता, त्यातले किती वर पाठवता, किती जिल्ह्यात ठेवता आणि संलग्न क्लबांची आजची यादी काय, एवढे एका कागदावर लिहून फेब्रुवारीअखेर आमच्याकडे पाठवा. जे येईल ते जसेच्या तसे छापू आणि ज्यांचे येणार नाही त्यांच्या खेळापुढची जागा कोरी ठेवू. चांदवड, देवळा, येवला, निफाड, नांदगाव आणि मालेगावच्या मंडळांनीही आपल्याकडच्या गेल्या वर्षीच्या पावत्यांच्या प्रती द्याव्यात. मंडळाचे नाव नको असेल तर छापणार नाही. दोन्हीकडचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की वार्षिक सभेत काय विचारायचे ते प्रत्येक मंडळाला ठरवता येईल.